कोल्ड स्टोरेजमधला शॉट

त्या फिल्मला बक्षीस मिळालं, हे आधीच सांगून टाकते. अभिनयाचंही मिळालं. अजूनही अधूनमधून कुणीतरी मला तिची लिंक पाठवतं आणि खाली लिहितं, 'काय ओरडलीये यार ती, अंगावर काटा आला.' मग माझं डोकं फिरतं आणि दिवसभर जागेवर येत नाही. घरचे म्हणतात, झाली की आता बरीच वर्षं, सोड. आमच्या घरात राग सगळ्यांच्याच नाकावर असतो. माझे वडील शेवंतीच्या वजनावरून फूलबाजारात रोज कुणाशी तरी भांडून येतात आणि जेवायला बसेपर्यंत विसरूनही जातात. मला ते जमत नाही. या बाबतीत जमवायचंही नाही.

आम्ही नाशिकच्या एका कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकत होतो. शेवटच्या वर्षी गटागटानं लघुपट करायचा असतो. ज्याला विचारावं तो सायकॉलॉजिकल थ्रिलर करत होता, कारण त्याला एक मुलगी, एक खोली, एक आरसा आणि एक गळका नळ एवढं पुरतं. शेवटी कळतं की डॉक्टर नव्हताच, किंवा बहीण नव्हतीच, किंवा ती मुलगीच नव्हती. आमच्या गोष्टीत नवरा नव्हता. म्हणजे तो बायकोच्या डोक्यात होता, आणि तो आपल्याला कोंडून ठेवतो असं तिला वाटत राहायचं. यातलं मानसशास्त्र दिग्दर्शकानं मोबाईलवर व्हिडिओ बघून गोळा केलं होतं. बाईचं डोकं फिरलं की तिचे केस मोकळे सुटतात, एवढं मात्र त्याला पक्कं माहीत होतं.

हा दिग्दर्शक इंजिनीअरिंग अर्धवट सोडून आलेला, आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचे. मी म्हणत नव्हते, आणि ते त्याला झोंबायचं. तो आम्हाला कामाच्या नावानं हाका मारायचा. 'ए लाईट, इकडे ये.' 'ए मेकअप, तिचा घाम पूस.' मी 'साऊंड' होते. कॅमेऱ्याला हात लावायला मिळावा म्हणून मी वर्षभर मागे लागले होते, पण कॅमेरा जड असतो म्हणे. घरी फुलांचे भरलेले क्रेट उचलून मी टेम्पोत चढवते, ते कुणी विचारलं नाही. असो. साऊंड हे काम असं आहे की चांगलं झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर सगळे तुमच्यावर खेकसतात. नायिकेच्या डोक्यातला गोंगाट हवा होता, तर मी द्वारका चौकात उड्डाणपुलाखाली माईक धरून उभी राहिले होते, ट्रॅफिक पोलिसानं हाकलेपर्यंत. फिल्ममध्ये तो गोंगाट फार छान वाजतो. त्याबद्दल आजवर एकानंही लिंकखाली काही लिहिलेलं नाही.

नायिका आमच्याच वर्गातली. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. घरच्या शेतात भात आणि नागली, म्हणजे नाचणी, आणि भात निघाला की सगळं घर जीपमध्ये बसून इकडे द्राक्षबागांत कामाला यायचं. ती वसतिगृहात राहायची. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, पण पहिल्या वर्षी एका नाटकात तिनं दोन मिनिटांची भूमिका केली आणि सगळा हॉल तिच्याकडेच बघत बसला. चेहरा असा की नुसता प्रकाश टाकावा आणि बाजूला व्हावं. तिला अभिनय करायचा होता, अगदी मनापासून. तालमीला सगळ्यांच्या आधी यायची. संवाद पाठ करून यायची, आमच्यासारखे फोनमध्ये बघून नाही.

दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी आम्हाला सेटची शिस्त शिकवली. त्यातला मुख्य नियम असा की कट फक्त दिग्दर्शक म्हणतो. वीज जावो, छप्पर पडो, तो कट म्हणत नाही तोवर शॉट चालू. एकदा ती मध्येच चुकली आणि स्वतःच थांबून 'सॉरी' म्हणाली, तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत तिला झापलं. 'तू ठरवणार का टेक संपला ते? उद्या कॅमेराही तूच घे!' बाकीचे हसले. ती मान खाली घालून उभी राहिली आणि पुन्हा कधी मध्ये थांबली नाही. हा नियम जगातल्या मोठ्या मोठ्या सेटवर असतो, मला मान्य आहे. पण तिथे दिग्दर्शकाला अक्कल असते, असं मी धरून चालते.

कोंडण्याचा सीन आम्ही त्याच्या काकांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये केला. दिंडोरीच्या बाजूला त्यांचं द्राक्षांचं पॅकिंगचं शेड आहे. पावसाळ्यात ते रिकामंच असतं. आत एक गार करायची खोली, चारी बाजूंनी जाड पांढरे पत्रे, खिडकी नाही, आणि दार असं की बंद झालं की आतलं बाहेर ऐकू येत नाही. मशीन बंद होतं, त्यामुळे गारठा नव्हता, पण हवा कोंदट होती आणि जुन्या खोक्यांचा वास येत होता. आतून दार उघडायची मूठ तुटलेली होती. ते दिग्दर्शकानं सकाळीच पाहिलं होतं. 'काय लोकेशन आहे!' म्हणून त्यानं तुटक्या मुठीचा फोटोही काढला होता.

ठरलं होतं ते असं: कॅमेरा आत स्टँडवर, वर छोटा दिवा. ती दारापाशी. दार नुसतं लोटलेलं राहील आणि 'लाईट' आत कोपऱ्यात थांबेल. ती दार ठोकेल, 'दार उघडा, मला बाहेर यायचंय' म्हणेल, रडेल, कट. मी बाहेर हेडफोन लावून बसले होते. तिच्या कॉलरला लावलेल्या माईकचा आवाज खरखरत का होईना, येत होता.

शॉट सुरू झाला आणि दिग्दर्शकानं खूण केली. 'लाईट' पाय न वाजवता बाहेर आला. दार लावलं गेलं आणि बाहेरून कडी बसली. हे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. तिला आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तिला सांगितलं तर खरी रिअॅक्शन कशी येणार, आणि मला सांगितलं तर मी तिला सांगितलं असतं. दुसरी गोष्ट मात्र त्यांनी बरोबर ओळखली होती.

आत तिनं संवाद म्हटले. छान म्हटले. मी खाली मान घालून आवाजाची पातळी लावत होते, कडी बसलेली माझ्या लक्षातच आली नव्हती. ती दार ठोकत होती, 'दार उघडा' म्हणत होती, रडत होती, सगळं लिहिल्याप्रमाणे. मग संवाद संपले. तिनं ते पुन्हा पहिल्यापासून म्हटले. मग पुन्हा. मग कोपऱ्यात 'लाईट' नाही हे तिनं पाहिलं असावं, कारण दाराची तुटकी मूठ खडखडल्याचा आवाज आला आणि ती अगदी हळू, शॉट बिघडू नये म्हणून जवळजवळ कुजबुजत म्हणाली, "दादा, झालं का?"

बाहेर कुणाला काहीच ऐकू येत नव्हतं. ते कानात फक्त माझ्या येत होतं.

"दादा, कट म्हणा ना," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "दादा, कट म्हणा ना. मला श्वास नाय घेता येत. कट म्हणा ना, दादा."

स्वतः कट म्हणायची तिची हिंमत नव्हती. मी हे आजवर कितीतरी जणांना सांगितलं आणि त्यातल्या निम्म्यांनी विचारलं, मग ती सरळ 'बास करा' असं का नाही ओरडली? कारण तिला शिकवलं होतं, म्हणून. कारण ती आमच्यातली एकटी शिस्तीची होती, म्हणून.

मी ओरडले, "ती खरंच घाबरलीये, दार उघड!" तो आला. त्यानं माझ्या हेडफोनची एक बाजू ओढून कानाला लावली. ऐकलं. नीट ऐकलं. आणि सगळ्यांकडे बघून अंगठा वर केला. "चालू दे," तो म्हणाला, "हेच हवं होतं."

तेवढ्यात तिनं आईला हाक मारली. "आये!" एकच शब्द, लांबलचक, आणि त्यात दादा नव्हता, कट नव्हतं, फिल्म नव्हती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. त्यानं माझा दंड धरला, "वेडी आहेस का, शॉटची वाट लावशील." मी कोपर मागे मारलं. ते त्याच्या बरगडीत बसलं, आणि ते आठवलं की आजही जरा बरं वाटतं. कडी मी काढली.

ती दाराला टेकून खाली बसली होती. केस ओले, ओठ पांढरे, बोटांची नखं दाराच्या रबरात रुतवून त्यात काळं गेलेलं. माझ्याकडे वर बघत ती म्हणाली, "शॉट खराब झाला का गं?"

त्यानंतर काय व्हावं? भांडण, पोलीस, निदान माफी? त्यानंतर चहा झाला. क्रीमरोल खाल्ले. दिग्दर्शकानं तिच्या पाठीवर थाप मारून 'कमाल केलीस' म्हटलं आणि ती हसली. मी सोडून सगळे खुशीत होते, आणि माझ्याबद्दल मेकअपवाली म्हणाली, "साऊंडला जरा जास्तच होतं हं." दुसऱ्या दिवशी मी आमच्या मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की सर्जनशील कामात असे ताण येतात, आपसात मिटवा, विभागाचं नाव चर्चेत यायला नको. सरांच्या टेबलावर काचेखाली छान छान सुविचार होते. मला ती काच फोडावीशी वाटली.

त्या संध्याकाळी मी तिला स्कूटीवर वसतिगृहाला सोडत होते. रिमझिम होती. पेठ फाट्याला सिग्नल लागला तेव्हा मागून ती बोलली.

"तू भांडू नको माझ्यासाठी. फिल्म होऊ दे. फक्त ती हाक काढायला सांग."

"सगळा सीनच काढायला लावते."

"नाय गं. चेहरा राहू दे, रडणं राहू दे. आयेला मारलेली हाक तेवढी नको." मग, "आयेनं ऐकलं तर ती मला इथं ठेवायची नाय."

तिच्या घरात सगळे तिच्या शिकण्याच्या विरुद्ध होते. वडील, काका, गावातले चार जण. मुलगी शहरात बिघडते, नाहीतर तिला कुणीतरी काहीतरी करतं, हे त्यांचं ठरलेलं होतं. एकटी आई उभी राहिली होती. माझ्या पोरीला तिथं काही होणार नाय, मी सांगते, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. त्या शब्दावर ही नाशिकला होती. म्हणून ती हाक आईच्या कानावर जायला नको होती. तिची एवढी एकच मागणी होती, आणि ती काही फार नव्हती.

मी आवाजाची फाईल दिली नाही. दिग्दर्शकानं आधी गोडीत मागितली, मग दरडावून मागितली, मग ग्रुपवर मला प्रोजेक्टद्रोही वगैरे ठरवलं. मी म्हटलं, त्या हाकेच्या आधीपर्यंतचं सगळं देते, हाक मिळणार नाही. शेवटी तो नमला. तिला समोर बसवून म्हणाला, "तुझ्या शब्दाबाहेर आहे का मी? काढली." एडिट झाल्यावर आम्हाला दाखवलंही. त्या जागी तिचं तोंड उघडतं आणि नुसतं व्हायोलिन वाजतं. मला खरं तर ते जास्त चांगलं वाटलं. ती खूश झाली. इतकी खूश झाली की कॉलेजच्या फिल्म महोत्सवाला तिनं आईला बोलावलं.

फेब्रुवारी होता. द्राक्षं उतरायचे दिवस. तिची आई पिंपळगावकडच्या एका बागेत कामाला आलेली होती. एक दिवसाची सुट्टी काढून ती आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात पिशवी, पिशवीत पोरीसाठी नागलीच्या भाकरी. नायिकेला गटाबरोबर पहिल्या रांगेत बसायचं होतं, म्हणून तिनं आईला, गटापासून लांब मागे बसलेल्या माझ्यापाशी आणून बसवलं. "ताई, माझी पोर चांगली काम करते ना?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या पोरीसारखं कुणीच करत नाही." ती लाजून हसली आणि पदरानं तोंड झाकलं.

फिल्म लागली. मोकळे केस, आरसा, नळ, माझा द्वारकेचा गोंगाट. पडद्यावर पोर आली की मावशी माझ्या हातावर हात ठेवायची. मग कोल्ड स्टोरेज आलं. पोर दार ठोकू लागली. मावशी जरा पुढे सरकून बसली, पण हसतच होती. मी व्हायोलिनची वाट बघत होते.

व्हायोलिन आलं नाही. कॅमेऱ्याच्या आतल्या माईकनंही सगळं टिपलं होतं. तो आवाज चिरका, डब्यातून आल्यासारखा, पण होता. दादा आणि कट, हे तेवढं नेमकं कापलेलं. हाक तशीच. महोत्सवाच्या कॉपीत त्यानं ती परत घातली होती आणि आम्हाला दोघींना सांगितलं नव्हतं.

"आये!"

मावशी ताडकन उभी राहिली. पिशवी खाली पडली. अंधारात, भरल्या हॉलमध्ये, शेतापलीकडच्या माणसाला हाक द्यावी तशा आवाजात ती ओरडली, "मी हाय इथं, बाय! मी हाय! काय झालं?"

आणि हॉल हसला.

एकदम हसला, मोकळेपणानं, टाळ्या देत. मागून एक जण ओरडला, "मावशी, पिक्चर आहे तो! खाली बसा!" पुन्हा हशा. पुढच्या रांगेत परीक्षक मागे वळून कौतुकानं बघत होते. खेड्यातली बाई, पडदा आणि खरं यातला फरक तिला कळत नाही, असं ते हसणं होतं. मी त्या मागच्या पोराला काय म्हणाले ते इथं लिहिता येणार नाही. त्या तीनशे-चारशे शहाण्यांत फरक कळलेली ती एकटीच होती. आम्ही अभ्यासक्रमात दोन वर्षं फिल्म बघायला शिकलो होतो आणि त्यांतल्या एकालाही ती हाक ऐकू आली नाही. सगळ्यांना अभिनय ऐकू आला.

मी मावशीला हाताला धरून बाहेरच्या पॅसेजमध्ये आणलं. पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. मागोमाग पोर धावत आली आणि तिच्या मागोमाग दिग्दर्शक, चेहरा उजळलेला. "काकू, घाबरलात ना?" तो म्हणाला. "म्हणजे आमची फिल्म जमली बघा!" मी त्याला म्हटलं, एक पाऊल जरी पुढे टाकलंस तर इथंच हाणीन. तो हसला, पण मागे सरकला, आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. 'लाईट' आला, मेकअपवाली आली, कॅमेरावाला आला. काय चाललंय ते बघत सगळे दारात जमले.

"आये, ते खोटं होतं," पोर म्हणाली. तिनं चेहरा सरळ ठेवला होता, तिला किती चांगला अभिनय येतो ते मी तिथं पाहिलं. "अॅक्टिंग म्हणतात त्याला. तसं करायचं असतं."

"मला नको शिकवू," आई म्हणाली. "इंगळी डसली होती तवा अशीच हाक मारली होतीस. तवा मी नदीवरून पळत आले होते." तिनं पोरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून बघितले, जखम शोधावी तसे. मग हळू आवाजात विचारलं, "तू एवढी ओरडत होतीस आन् तिथं कोणीच नव्हतं का गं?"

पोरीला चेहरा सांभाळता आला नाही. तिनं आमच्या कुणाकडेही बघितलं नाही.

"होते ना, आये," ती म्हणाली. "सगळे होते."